फेट्यातला फोटो

न्यायाधीशाने एखाद्या प्रकरणातून स्वतःहून बाजूला केव्हा व्हावं, या एका प्रश्नावर स्नेहल मगदूमने आपल्या तारुण्याची नऊ वर्षं घालवली. प्रबंध जाडजूड झाला. कुरुंदवाडला घरी आणला तेव्हा तिच्या वडिलांनी, म्हणजे गावाच्या तात्यासोंनी आणि तिच्या अण्णांनी, तो दोन्ही हातांनी उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि आत काय आहे ते विचारलं. तिने तासभर समजावलं. म्हशींच्या धारेची वेळ झाली तसे तात्यासो उठले आणि म्हणाले, "म्हणजे आपल्या पावण्याच्या भांडणात पंच म्हणून बसायचं न्हाय, एवढंच न्हवं?"

एवढंच होतं. पण तेवढ्यावर पदवी देत नाहीत.

तिचे मार्गदर्शक होते डॉ. उदयसिंह इंगवले. कोल्हापुरात राज्यघटना म्हटली की इंगवले सर, असं समीकरण होतं. निदान त्यांचं तसं म्हणणं होतं. नऊ वर्षांत सरांनी तिला एकदाही शाबास म्हटलं नव्हतं. प्रकरण लिहून नेलं की ते चष्मा कपाळावर सरकवत, पानं चाळत आणि "बघू" म्हणत. शत्रुत्वातून येणाऱ्या पूर्वग्रहावर तिने एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं, ते सरांनी फापटपसारा म्हणून काढायला लावलं. शत्रू उघड असतो, त्याची भीती नसते, खरी काळजी मायेची घ्यावी, असं त्यांचं मत. स्नेहलला ते फार खोल वाटलं होतं. नऊ वर्षांत माणसाला बरंच काही खोल वाटायला लागतं.

पदवीनंतर ती शहरातल्याच एका कायदा महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवू लागली. तासिका तत्त्व म्हणजे शिकवलं तेवढ्या तासापुरतं प्राध्यापक असायचं. घंटा झाली की पुन्हा सामान्य नागरिक. आणि मग तिथं कायमस्वरूपी एक जागा निघाली. एकच. निवड समितीत इंगवले सर होते. तिने नुसता विषय काढला, तर सर चष्मा कपाळावरून खाली घेऊन म्हणाले, "मी आत बसलोय की."

या चार शब्दांवर मगदूमांचं घर दोन महिने जगलं. तात्यासोंनी डेअरीत सांगितलं, डेअरीने गावात सांगितलं. नृसिंहवाडीला चालत जाऊन येण्याचा नवस शेजारणीने परस्पर बोलून टाकला, चालायला पाय मात्र स्नेहलचे.

मुलाखतीच्या आठवडाभर आधी सरांनी थेट तात्यासोंना फोन केला. पोरगीचा फ्लेक्स करणार ना, असं विचारलं. तात्यासो म्हणाले, करणार की, निवड झाल्यावर. तर सर म्हणाले, झाल्यातच जमा आहे, ऐनवेळी छापणारे भेटत नाहीत, आजच टाका. एवढंच नव्हे तर स्वतःचा फोटोही पाठवला: भगवा फेटा, हाताची घडी, नजर क्षितिजाकडे. कच्चा नमुना आल्यावर त्यांनी तो परत पाठवला, मार्गदर्शकाचा फोटो लहान दिसतो म्हणून. शेवटी जो फ्लेक्स झाला त्यात सर तुळईएवढे होते आणि स्नेहल त्यांच्या कोपरापाशी पासपोर्ट आकारात होती. मजकूर: 'सहायक प्राध्यापकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' जागाही सरांनीच सुचवली. महाविद्यालयासमोरचा विजेचा खांब.

स्नेहलला त्या रात्री किंचित टोचलं. निवड समितीचा सदस्य उमेदवाराच्या अभिनंदनाच्या फ्लेक्सवर, मुलाखतीच्या आधी. तिच्या प्रबंधात याला चांगली बारा पानं होती. पण फ्लेक्सवर तिचा फोटो आयुष्यात पहिल्यांदा लागत होता, तोही वाढदिवसाचा नसलेला.

मुलाखत दुसऱ्या मजल्यावर होती. पाच जण टेबलापलीकडे बसलेले, मधोमध इंगवले सर. ती बसली, पाणी प्यायली, आणि पहिला प्रश्न येण्याआधीच सर उभे राहिले. तिला वाटलं, ओळख करून देणार. सरांनी हात लांब करून खिडकीबाहेर दाखवलं. सगळ्यांनी वळून बघितलं. खिडकीच्या बरोबर समोर, विजेच्या खांबावर, सर क्षितिजाकडे बघत होते.

"या उमेदवाराशी माझा संबंध जगजाहीर आहे," सर म्हणाले. "तिच्याच प्रबंधाप्रमाणे मला इथं बसता येणार नाही."

आणि ते चहाला गेले. जाताना प्रबंधाचं नाव आणि वर्षही सांगून गेले, संदर्भ अचूक होता. उरलेल्या चौघांनी एकमेकांकडे बघितलं. निकालाआधी अभिनंदनाचा फ्लेक्स लावणारी मुलगी घटनेतल्या समतेवर काय बोलते ते त्यांनी पुरती दहा मिनिटं ऐकून घेतलं.

तिच्यानंतर आत गेला धैर्यशील इंगवले. आडनावावरून पुण्याहून आलेल्या सदस्याला शंका आली. तोवर सर चहा पिऊन जागेवर येऊन बसले होते. त्यांनी शांतपणे सांगितलं, हा मुलगा माझ्या चुलतभावाचा, जोतीरामचा. आणि जोतीरामशी माझा हातकणंगल्याच्या शेताच्या बांधावरून वडिलांच्या काळापासून दावा चालू आहे, आम्ही एकमेकांच्या लग्नकार्यातसुद्धा जात नाही. आता ज्याच्या बापाशी मी कोर्टात भांडतो, त्याच्यावर मी काय मेहरबानी करणार? हा युक्तिवाद बिनतोड होता. वर सरांनी त्या वैऱ्याच्या पोराला सर्वांत जास्त गुण दिले, तेव्हा पुण्याचे सदस्य म्हणे भारावून गेले. अशी माणसं आता राहिली नाहीत, असं ते खाली पार्किंगमध्येही म्हणाले. हे सगळं कार्यालयातल्या बाईंनी स्नेहलला दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं ऐकवलं.

धैर्यशीलची निवड झाली. फ्लेक्स खांबावरच राहिला. पुढचे कित्येक दिवस लोक रस्त्यात थांबवून स्नेहलचं अभिनंदन करत, आणि सगळं सांगत बसण्यापेक्षा सोपं म्हणून ती आभार मानी. दोघांना तिने पेढेही दिले.

सरांचा फोन आला. तत्त्वाचा प्रश्न होता, ते म्हणाले. फ्लेक्स नसता तर गोष्ट वेगळी होती. हे तात्यासोंच्या कानावर गेलं आणि ते एकदम खचले. आपल्या हौसेनं पोरीची नोकरी घालवली, असं त्यांनी मनात धरलं. डेअरीत जाईनासे झाले. एक दिवस पांढरी टोपी घालून, खव्याचा डबा घेऊन ते सरांच्या घरी गेले आणि माफी मागून आले. सरांनी माफ केलं. डबाही ठेवून घेतला.

स्नेहलने सरांवर विश्वास ठेवला, हे सांगितलं पाहिजे. राग वडिलांवर काढला. फोटो कुणी पाठवला, जागा कुणी दाखवली, हे सगळं तिला माहीत होतं. पण माहीत असणं आणि एकाशेजारी एक मांडून बघणं ही वेगळी कामं आहेत, आणि दुसरं ती फक्त प्रबंधात करत आली होती.

मग लोकअदालत आली. दर तीन महिन्यांनी कोर्टात ती भरते. जुनी भांडणं तडजोडीनं मिटवायची, एका टेबलाशी एक निवृत्त न्यायाधीश आणि एक सदस्य, दोघांच्या सह्या झाल्या की दावा कायमचा संपला. कायदा शिकवणारी म्हणून स्नेहलचं नाव सदस्यांत होतं. कोर्ट आतून बघायला मिळतं म्हणून ती हौसेनं जायची. दिवसभर टेलिफोनची बिलं आणि मोटारींचे अपघात मिटवून झाले. संध्याकाळी बाकीची टेबलं आवरली, आणि शेवटचा पुकारा झाला: इंगवले विरुद्ध इंगवले.

सर पुढे आले आणि तिला बघून थबकले. त्यांच्या शेजारी एक धिप्पाड माणूस होता, कपाळाला अष्टगंध, आवाज ताशासारखा. हा जोतीराम. तो स्नेहलला ओळखत नव्हता. तिचा फोटोच तेवढा लहान होता.

न्यायाधीश वयस्क आणि सज्जन होते. तडजोडीचा कागद वाचून त्यांना आनंद झाला. जोतीराम बांधावरचा हक्क सोडत होता, सगळा. इतक्या वर्षांनी ही सुबुद्धी कशी झाली, असं त्यांनी कौतुकानं विचारलं.

"पोरगं लागलं की सरांच्या कालेजात," जोतीराम म्हणाला. "वैशाखातच शब्द झालता. तू बांध सोड, मी पोराचं बघतो. एक पोरगी आडवी हाय म्हणालेते, तिला मी बाजूला घेतो, तू काळजी करू नगंस. घेतली की बाजूला. मग आपुन बी शब्दाला जागाय नको?"

"छान, छान," न्यायाधीश म्हणाले. "कुटुंबात गोडी आली." त्यांनी सही केली आणि कागद स्नेहलपुढे सरकवला.

सर पंख्याकडे बघत होते. फ्लेक्सवर क्षितिजाकडे बघतात तसेच.

वैशाख. फ्लेक्स आषाढातला. स्नेहलने दोन्ही महिने एकाशेजारी एक मांडले. बांध दोन फूट रुंद असावा. तिला नऊ वर्षं आठवली नाहीत. खव्याचा डबा आठवला, आणि तो घेऊन जाताना टोपी नीट करणारे अण्णा.

तिने पेन उचललं, टोपण लावलं आणि खाली ठेवलं.

"मला या प्रकरणात बसता येणार नाही," ती म्हणाली.

न्यायाधीशांनी कारण विचारलं.

"पक्षकाराबरोबर माझा फ्लेक्स आहे."

त्यांच्या अख्ख्या कारकिर्दीत हे कारण कुणी दिलं नव्हतं. तिने मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी तो लांब धरून, जवळ धरून पाहिला आणि विचारलं, हे फेट्यातले हेच का? उदयसिंह इंगवले यांना भर कोर्टात स्वतःला ओळखावं लागलं. ओळख पटली. दुसरा सदस्य शोधायला शिपाई गेला, तर सगळे घरी गेलेले. न्यायाधीशांनी स्वतःची सही खोडली आणि प्रकरण पुढच्या लोकअदालतीत ठेवलं.

"म्हंजे आजून तीन म्हैनं?" जोतीराम म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरून एक विचार सावकाश, बैलगाडीसारखा, जाताना दिसला. "बघू की मग. पोरगं तर लागलंच हाय." आणि सरांकडे न बघता तो निघाला. त्याची चाल येतानापेक्षा मोकळी होती.

पायऱ्यांवर सरांनी स्नेहलला गाठलं. चष्मा कपाळावर होता.

"सही केली असतीस तर काय बिघडलं असतं, बाळ?"

तिने पर्समधून गाडीची किल्ली काढली. मग सर सवयीनं, उत्तरपत्रिका परत द्यावी तसे म्हणाले, "मुद्दा मात्र बरोबर मांडलास. शाबास."

नऊ वर्षं तिने याची वाट बघितली होती. आणि तिला बरं वाटलं. खरोखर, आतून बरं वाटलं. या माणसाने केलेल्या सगळ्यात तिला हेच जास्त लागलं. ती गाडीला किक मारून निघाली. त्या खांबाचा रस्ता टाळायला तिला लांबून जावं लागलं.

घरी पोचली तर फ्लेक्स तिच्याआधी पोचला होता. तात्यासोंनी दुपारीच जाऊन खांबावरून उतरवून आणला होता आणि आता गोठ्याच्या गळक्या कोपऱ्यावर पसरत होते. कापड दणकट होतं. ते शिडीवर उभे राहून विचारत होते, "सरांची बाजू वर ठिवू का म्हशीकडं करू?"

जोतीराम काय म्हणाला ते तिला सांगायचं होतं. माफी कुणी कुणाची मागायला हवी होती, तेही. तिने शिडी दोन्ही हातांनी धरली.

"मला विचारू नका, अण्णा," ती म्हणाली. "मला यात बसता येणार नाही."

तात्यासोंनी वरून तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. मग त्यांनी सरांना म्हशीकडे केलं, आणि खिळा मागायला हात खाली केला.