सात मिनिटांची संध्याकाळ

अब्बांच्या स्टुलावर बसायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. ते स्टूल नाट्यगृहाच्या लाइटच्या खोलीत असायचं. त्यावर बसून माझ्या अब्बांनी, म्हणजे अख्खं कोल्हापूर ज्यांना गैबीचाचा म्हणतं त्यांनी, चाळीस वर्षं नाटकांना उजेड दिला. मी शाहिस्ता, त्यांची लेक, सहा वर्षं शेजारी उभी. एम.एस्सी. झाले तरी उभीच. यंदा त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा म्हणाले, "स्पर्धेचं नाटक तू कर. पण उजेड बदलल्याचं एकाला जरी कळलं, तर स्टूल इसर. लाइटवाला दिसला की नाटक मेलं!"

नाटक सयाजीदादांनी बसवलेलं. अंगणात म्हातारी आई बसलीय, वीस वर्षांनी लेक परत येतो, आणि दोघं बोलताबोलता संध्याकाळची रात्र होते. सात मिनिटांत. लेकाच्या कामाला विजयसिंह, माजी पैलवान. आवाज असा, की हळू बोलले तरी बाहेरचा चहावाला "आलो आलो" म्हणायचा.

जुने दिवे गुणाचे होते. बटण खाली आणलं तरी आतल्या तारेला निवायला वेळ लागायचा, म्हणून उजेड आपसूक सावकाश जायचा. आता आलेल्या एलईडीला निवणं ठाऊकच नाही. मंद करत न्यावं तर शेवटी धाडकन विझतो. त्यात दिवे चालवायचा आमचा बोर्ड नारिंगीवरून निळ्यावर जाताना मध्येच हिरव्यात शिरायचा. पहिल्या तालमीत विजयसिंह आईच्या पाया पडायला वाकले, ते हिरवेगार होऊनच उठले.

"पैलवानाला शेवाळ धरलं की गं," अब्बा म्हणाले. मोतीबिंदूतून हे बरं दिसलं त्यांना!

मग मी आठ दिवस कसबा बावड्यात मेहमुदाखालाच्या गच्चीवर उसाकडे तोंड करून सूर्य बुडताना बघत बसले. खालानं घाबरून अम्मीला फोन केला, "पोरीचं कुठं जमलंबिमलं न्हाय न्हवं?" मला कळलं ते एवढंच, की आभाळ नारिंगीवरून थेट निळं होत नाही. आधी गुलाबी, मग जांभळं, मग राखाडी. मी बोर्डात तसे एकोणीस टप्पे भरले, एक संपायच्या आतच दुसरा सुरू होईल असे. शेवटच्या विझण्याला सगळ्यांत जास्त वेळ दिला. तरीही राहणारा धक्का झाकायला कोपऱ्यात एक जुना दिवा लपवला.

रंगीत तालमीला सगळ्यांनी माझ्या संध्याकाळला टाळ्या दिल्या. मी फुगून अब्बांकडे बघितलं.

"टाळ्या कशाला पडल्या?"

"रंग आवडले सगळ्यांना."

"म्हंजे दिसले की. नापास!"

असा राग आला म्हणता! दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. पण गुमान जांभळा निम्म्यावर आणला, आणि संध्याकाळ लेक यायच्या आधीच, आई तांदूळ निवडत असतानाच सुरू केली.

स्पर्धेच्या दिवशी पहिल्या रांगेत विजयसिंहांचे आजऱ्याचे मेहुणे येऊन बसले, आणि घात झाला. त्यांना बघताच पैलवानाच्या अंगात आलं. लिहिलेली वाक्यं सोडून ते पदरची घालायला लागले. वीस वर्षांच्या विरहातून ते घरच्या म्हशीवर आले. आईचं काम करणारी निशिगंधा खाली मान घालून निवडलेलेच तांदूळ परत निवडू लागली. विंगेत सयाजीदादांनी डोक्याला हात लावला.

बोर्डाला मात्र म्हशीची काय कल्पना? तो घड्याळावर चाललेला. दोन मिनिटांत मिट्ट काळोख होणार आणि पैलवान अंधारात धार काढत बसणार. मी बोर्डाची आपोआप चाल थांबवली आणि दिव्यांची बटणं हातानं सरकवायला घेतली. केसभर खाली, थांब. पुन्हा केसभर. मागून अब्बांचा हात पुढे आला, माझ्या हाताच्या वर क्षणभर थांबला आणि न शिवता मागे गेला. मला तेव्हा रडूच यायचं बाकी होतं.

अकराव्या मिनिटाला विजयसिंहांना मूळ वाक्य आठवलं. "रात झाली की गं, आये!"

आणि खरंच झाली होती.

पडदा पडल्यावर ते रंग न पुसताच आमच्या खोलीत घुसले. "शाहिस्ता, झोपलीवतीस व्हय गं? मी एवढा जीव तोडून बोलतोय आणि तू एक बटण दाबलं न्हाईस! आमचं मेहुणं म्हणत्यात, नाटक भारी, पण लाइटिंग नव्हतंच! चाचा, तुमी तरी सांगा की हिला!"

अब्बा उठले. त्यांनी पायानं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"बस," ते म्हणाले.

विजयसिंह बोलतच राहिले. मी बसले, तर स्टूल डुगडुगलं. त्याचा एक पाय आखूड होता. इतकी वर्षं मला वाटायचं, अब्बा नाटकाच्या तालावर डुलतात.