वालूच्या पेटाऱ्यातला पसारा

मी एक पेटारा बोलतोय. आधीच माफी मागून ठेवतो. माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडतील. शब्दही साधेच आहेत. माझं शिक्षण म्हणजे माझ्या तळाला अंथरलेली जुनी वर्तमानपत्रं, आणि त्यांच्यावर कायम कपड्यांचं ओझं. त्यामुळे जे वाचलं ते अर्धवट वाचलं. सांभाळून घ्या.

माझा जन्म कच्छातल्या मांडवी बंदराचा. तिथे जहाजं बांधतात. जहाजाचं उरलेलं सागवान एका सुताराने स्वस्तात उचललं आणि त्याचा मला केला. पितळेच्या पट्ट्या ठोकल्या, खाली चार लाकडी चाकं बसवली. समुद्रावर जायचं लाकूड मी, पण नशिबात रबारी लोकांच्या वाडीतल्या मातीच्या गोल घराचा कोपरा आला. इथे माणसं मेंढ्यांमागे वर्षातले आठ-आठ महिने फिरतात. मी मात्र जागचा हललो नाही. चाकं गंजली नाहीत ती केवळ लाकडाची म्हणून.

मला या घरात आणलं जीवीमाने. ती नवी नवरी म्हणून आली तेव्हा मी तिच्या मागच्या गाडीत होतो. फार शिस्तीची बाई. माझ्या पोटात उजव्या अंगाला झाकणाचे लहान खण आहेत. एका खणात सुया, त्याही पितळेच्या नळीत. एका खणात आरशाचे तुकडे, एकमेकांवर घासू नयेत म्हणून कोंड्यात पुरलेले. पलीकडे कवड्या आणि गुंड्या. दोऱ्याच्या लडी रंगाप्रमाणे झाकणाच्या आतल्या खिळ्यांना टांगलेल्या. तळाशी कडुनिंबाचा पाला, त्यावर जुन्या चोळ्यांच्या बाह्या, नव्यावर लावायला जपून ठेवलेल्या. जीवीमा अंधारातही हात घाली आणि हवी ती वस्तू बाहेर काढी. तेव्हा मला वाटायचं, पेटाऱ्याचं आयुष्य म्हणजे हेच. सुखाचं आणि थोडं कंटाळवाणं.

जीवीमा गेली. मी तिच्या सुनेकडे आलो, सेजूकडे. सेजूने शिस्त मोडली नाही, वाढवलीही नाही. तिचा नवरा लखा कळपाबरोबर बाहेर, घरात ती आणि तिची एकुलती मुलगी वालू. दोघींना पुरेल इतकाच पसारा असे.

मग वालूचं लग्न झालं. आमच्या लोकांत सगळी लग्नं गोकुळाष्टमीला एकदमच लागतात, आणि लहानपणीच लागतात. वालूला तर लग्नापेक्षा गुळाच्या लापशीत जास्त रस होता. लग्न झालं तरी मुलगी लगेच सासरी जात नाही. आधी तिने आपलं भरतकाम पुरं करायचं. चोळ्या, घागरे, तोरण, नवऱ्याचा अंगरखा, सामान भरायचा मोठा थैला, सगळं तिच्या हातचं. ते झालं की मुलगी निघाली. तोवर ती माहेरची.

म्हणजे मुलगी घरात किती दिवस राहणार, हे माझ्या पोटावर ठरतं. माझ्यासारख्या लाकडाला एवढी जबाबदारी नको होती.

वालूचा नवरा वेरशी. लग्नात तो एक शब्द बोलला नाही. लहान मुलगा, लाजला असेल, असं म्हणून सगळे हसले. पुढे तो आईचा निरोप घेऊन दोनदा आला. दोन्ही वेळा उंटाची दोरी धरून अंगणात उभा राहिला, विचारलेल्याला मान हलवली, ताक प्यायला आणि गेला. निरोप तर बरोबरच्या म्हाताऱ्यानेच सांगितला. झालं, वाडीतल्या पोरींना विषय मिळाला. वालूचा नवरा मुका आहे म्हणे. विहिरीवर एक जण तिला म्हणाली, "तुझं बरं आहे गं, तुमचं भांडण कधी होणारच नाही." सगळ्या हसल्या. वालूही हसली. घरी येऊन तिने मला उघडलं, त्यात डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. पाल्यावर पाणी पडलं ते मलाच ठाऊक.

त्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले.

आमच्याकडच्या भरतकामात शेवटचा हात असतो काळ्या दोऱ्याचा. रंगीत फुलं, आरसे, सगळं भरून झालं की भोवती काळा साखळी टाका घालायचा. तो पडेपर्यंत काम पुरं झालं असं कुणी म्हणत नाही. तर वालूचा काळा दोरा सापडेना. कधी तो गुंड्यांच्या खणात, कधी बाहीच्या आत, कधी पाल्याच्या खाली. आरसे लोकरीत सांडलेले. सुयांची नळी रिकामी आणि सुया चिंध्यांच्या गाठोड्यात. रोज दुपारी ती कामाला बसे, मला उपसून सगळं गोधडीवर ओती, शोधण्यात ऊन कलंडे, मग सगळं कोंबून झाकण लावी. पुरी झालेली चोळी पुन्हा खाली दडपे आणि नवीन कापड हातात घेई.

मी थकलो. रोज उपसलं जाणं आणि रोज कोंबलं जाणं, याला कुठलंही लाकूड थकेल. बिजागरी सैल झाली. उंदराने एकदा कोपऱ्यात घर केलं, त्यालाही त्या गोंधळात राहवेना, निघून गेला.

सेजूला कळत नव्हतं असं नाही. आई ती. कधी चुलीपुढून म्हणे, "या पेटाऱ्यात उद्या उंट हरवेल बाई." पण उठून आवरायला कधी आली नाही. वालू गेली की या घरात आठ महिने एकटीने बसायचं आहे, हे तिलाही दिसत होतंच. मायलेकी त्यावर एका शब्दाने बोलल्या नाहीत. दोघींनी मिळून सगळं ओझं माझ्यावर टाकलं.

या वर्षी वेरशीच्या आईचा निरोप आला. आता पुरे. मुलाचे मित्र बाप झाले. मुलगा येईल, काम पुरं असेल तर पेटारा गाडीवर घालून आणेल. पेटारा आला की चार दिवसांनी माणसं मुलीला न्यायला येतील.

निरोप ऐकून वालूची आत्या धावत आली. पुंजी तिचं नाव. लखाची थोरली बहीण. भावाच्या घराची अब्रू आपल्याच पदराला बांधलेली आहे असं समजून चालणारी. मनाने वाईट नाही. आल्या आल्या तिने मला उघडलं आणि कपाळावर हात मारला.

"वहिनी, हा पेटारा आहे की उकिरडा?"

"पोरीचं काम चालू आहे ना वन्सं," सेजू म्हणाली.

पुंजीने पदर खोचला. दिवसभर ती मला आवरत होती. खण पुसले, नवा कोंडा घातला, आरसे लहान-मोठे वेगळे केले. लडी सोडवून पुन्हा खिळ्यांना टांगल्या. ताजा पाला अंथरला. खोटं का बोलू, मला फार बरं वाटलं. जीवीमाचा हात आठवला. कितीतरी वर्षांनी माझं झाकण नीट बसलं.

आणि आवरता आवरता तळातून एकेक वस्तू वर येऊ लागली. चोळ्या. घागरे. अंगरखा. तोरण. पुंजी एकेक झटकून घडी घालत होती आणि तिचा आवाज चढत होता. "अगं, हे तर सगळं झालंय. हा थैलाही झालाय. वालू, एवढ्या एका बाहीचा काळा टाका राहिलाय फक्त. दोन दिवसांचं काम. आणि आम्ही तुझ्या सासरच्यांपुढे तोंड लपवत फिरतोय." वालू खांबाला टेकून उभी होती. तिचा चेहरा पाहिला आणि माझं बरं वाटणं तिथेच संपलं. मी नीटनेटका झालो म्हणजे ती निघाली. हे मला आधी सुचायला हवं होतं.

ती राहिलेली बाही पुंजीने स्वतःच घेतली आणि दुसऱ्या दिवशी निम्मी उरकलीही.

त्याच संध्याकाळी वेरशी उंटगाडी घेऊन आला. आता उंच झाला होता, मिशी फुटली होती. मान तशीच खाली. पुंजीने त्याला पाणी दिलं, हालहवाल विचारली, त्याने तीनदा मान हलवली. मग ती म्हणाली, "जावईबापू, तुम्ही जरा या झाकणाची बिजागरी ठोकून द्या. वाटेत उडायचं. आम्ही रोटले टाकतो." आणि दोघी नणंद-भावजय चुलीकडे गेल्या.

तो माझ्यापुढे बसला. झाकण हळूच उघडलं. सगळ्यात वर त्याचाच अंगरखा होता. त्यावरच्या आरशांवरून त्याने बोट फिरवलं आणि हात चटकन मागे घेतला.

इतक्यात वालू आत आली. तोंडावर ओढणी. दाराशी करडू बांधलं होतं, त्याच्याकडे तोंड करून ती उभी राहिली, जणू त्याच्याशीच बोलते आहे.

"तुम्हाला खरंच बोलता येत नाही का? येत नसेल तर मान हलवा. मी रागावणार नाही. मला फक्त कळू दे."

त्याने तोंड उघडलं. कान लाल झाले. गळ्यातली गाठ वर गेली, खाली आली, पण आवाज निघाला नाही. मानही हलली नाही.

"तुमच्याकडे आठ महिने कळपामागे चालायचं," ती म्हणाली. "ना शेजार, ना आई. तिथे मी कुणाशी बोलू?"

आणि ती निघून गेली. करडू तेवढं ओरडलं.

वेरशीने एकदा दाराकडे पाहिलं. मग त्याने जे केलं त्याला मी साक्षी आहे. त्याने खिळ्यावरची काळी लड काढली आणि लोकरीत दडवली. आरशांचे खण एकमेकांत ओतले. सुया चिंध्यांत खुपसल्या, घड्या मोडल्या, चोळ्या खालच्या वर आणि वरच्या खाली केल्या. पुंजीची निम्मी झालेली बाही गोळा करून थेट पाल्याखाली. एवढा पसारा वालूलाही कधी जमला नसता. पण हात हलके होते. एक आरसा फुटला नाही. मग त्याने झाकण लावलं, बिजागरी ठोकली आणि शहाण्यासारखा जेवायला गेला.

आज सकाळी पुंजीने मोठ्या तोऱ्यात झाकण उघडलं आणि तशीच उभी राहिली. मग ती वळली ती वालूकडेच. काय काय बोलली ते मी लिहीत नाही. बापाचं नाव घालवलंस, आईने डोक्यावर चढवलं, रात्रीतून उठून हे उद्योग, असं बरंच. वालूने नाही म्हटलं, कोण ऐकतो. सेजू मध्ये पडायला गेली तर तिलाही दोन शब्द मिळाले. पुंजीचा हात वर गेला.

"मी काढलं."

सगळ्या दाराकडे वळल्या. आवाज मेंढ्या हाकणाऱ्याचा, खोलीच्या मानाने फार मोठा. बाहेर बकऱ्यांनी माना वर केल्या.

"तुम्ही?" पुंजीचा हात तसाच हवेत.

"काम बघायला काढलं. एक बाही राहिली आहे. घाईत बिघडेल." एवढं बोलून त्याने श्वास घेतला, जणू डोंगर चढला. "आईला मी सांगतो. दिवाळीनंतर येईन. तेव्हाही नसेल झालं, तर पुढे येईन."

पुंजीने हात खाली घेतला. ती सेजूला एवढंच म्हणाली, "अगं, हे बोलतात." आणि सेजूने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, ते मला माझ्या कोपऱ्यातून दिसलं नाही.

वालू खांबामागे होती. वेरशीने तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहून म्हणाला, "मला बोलता येतं. जरा वेळ लागतो."

आणि तो बाहेर गेला.

तर असा मी आता बसलो आहे. पोटात न भूतो असा गोंधळ, आणि तो कुणी आवरायचा हे ठरलेलं नाही. पुंजी रुसून बसली आहे. मला शीण आला आहे. दिवाळीनंतर मी त्या गाडीवर चढेन की याच कोपऱ्यात राहीन, मला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर आता दोन्हीचं ओझं वाटतं. तुम्हाला एकच विनंती. तुमच्या घरात कुणाचा शिवणाचा डबा, कुणाची भरतकामाची पेटी सदा अस्ताव्यस्त दिसली, तर चांगुलपणाने लगेच आवरायला घेऊ नका. आधी तिच्याजवळ बसा. काय हरवलंय ते विचारा.

हो, सकाळचं एक सांगायचं राहिलं. बाहेर गाडी जुंपून झाली होती. पेटाऱ्यासाठी आणलेले दोर वेरशीने गुंडाळून रिकाम्या गाडीत टाकले आणि उंटाला उठवलं. वालू दारापर्यंत गेली होती. गाडी वाडीबाहेर पडली, बाभळींच्या आड गेली, तरी त्याचा आवाज येत होता. तो उंटाशी बोलत होता. रस्ता कसा आहे, ऊन किती आहे, घरी आई काय म्हणेल. काहीही. मोठमोठ्याने, दारापर्यंत ऐकू यावं असं.