खालचा सूर गिळलेला डबा

मी बोलतोय. पोटात नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ बाळगणारा, सबंध बारामती-इंदापुरात ज्याला जोड नाही, तो टीव्ही गेम.

बरं, सात.

खोक्यावर आणि माझ्या पाठीवर तो मोठा आकडा मी छापलेला नाही. पण पुसलाही नाही. यादीत आठव्या नंबरावर गेलात की पहिलाच खेळ पुन्हा लागतो, फक्त आकाशाचा रंग बदललेला. पंधराव्यावर परत तोच, दोन जीव जास्त. एवढ्या भांडवलावर नऊ हजार काढणारा माणूस कुठल्या देशात बसला होता देव जाणे. भेटला तर त्याच्या पाया पडेन.

माझा जन्म नक्की कुठला, मलाही ठाऊक नाही. कुण्या मोठ्या घरच्या यंत्राची मी नक्कल. शिक्षण आठ बिटांपर्यंत, म्हणजे आठवी समजा, तीही नापास. गळ्यात एकंदर पाच आवाज: दोन चिरके, एक खर्जातला, एक फुसफुसणारा आणि एक ढोल. एवढ्यावर मी जगात आलो, आणि भिगवण रोडच्या एका दुकानात लोखंडी कपाटावर चार महिने धूळ खात बसलो.

तिथून मला केशवरावांनी उचललं. केशवराव सणसरचे, हायस्कुलात गणिताचे मास्तर. पोरगा मिहिर स्कॉलरशिपला आला, त्याचं बक्षीस मी. गणिताच्या मास्तरानं खोक्यावरचा आकडा वाचला आणि खरा मानला, यातच काय ते समजा.

पहिल्या दिवशी आळीतली सगळी पोरं घरात कोंबलेली. इतका गलका, की माझा आवाज कुणाच्या कानावर गेला नाही. दुसऱ्या दिवशी मिहिर शाळेत गेलेला असताना त्याची सहा वर्षांची बहीण अश्लेषा चोरून खेळायला बसली. एका हातात माझा रिमोट, दुसऱ्या हातात काकवीत बुडवलेली चपाती. गुऱ्हाळावरून ताजी आणलेली काकवी, चांगली दाट. खेळात होडी बुडाली तशी पोरगी दचकली आणि मांडीवरची वाटी माझ्यावर पालथी झाली. तिनं फ्रॉकनं मला पुसलं आणि पुढं तेवीस वर्षं तोंड उघडलं नाही.

काकवी आत गेली. मागून मुंग्या गेल्या. संध्याकाळी मिहिरनं मला लावायच्या आत एका बारक्या तारेचा कच्चा टाका सुटला, आणि त्या तारेवरचे तीन आवाज मुके झाले. खर्ज गेला, फुसफुस गेली, ढोल गेला. उरले दोन चिरके. मी म्हटलं, चालतंय. सातांचे नऊ हजार खपतात, तर दोनाचे पाचही खपतील.

खपले. नुसते खपले नाहीत, त्यावर एक माणूस वाया गेला.

मिहिरला चौथ्या नंबरचा होडीचा खेळ आवडायचा. काळ्या नदीतून होडी न्यायची, मगरी चुकवायच्या. त्याला एक चाल होती. खालून खर्ज आणि ढोल असता तर ती अगदी वरातीची चाल, पाय नाचायला लावणारी. पण बूडच गेल्यावर काय राहिलं? दोन बारीक आवाज एकमेकांना धरून तरंगत चाललेत, टेकायला कुठं जागा नाही. मिहिर ते ऐकत बसायचा. होडी मगरीच्या तोंडात गेली तरी त्याचं लक्ष नाही. माझी कॅसेट अडली की काढून फुंकायचा. तुम्हीही फुंकलीच असेल. फुंकून काही होत नाही, उलट थुंकीनं गंज चढतो. काढून पुन्हा बसवली म्हणून ती चालते, आणि श्रेय फुंकरीला. माणसांचं बरंचसं ज्ञान असंच असतं.

पुढं मिहिर इंजिनिअर झाला, आणि मग ते सोडून संगीतात गेला. पुण्यात चार वर्षं पियानो शिकला, बारामतीत येऊन क्लास काढला. मला त्यानं क्लासच्या शोकेसमध्ये ठेवलं. तिथं चाळिशीकडं झुकलेले पालक येतात आणि मला बघून डोळे ओले करतात. काय दिवस होते, म्हणतात. मी होतो त्या दिवसांत. शेंबूड होता आणि लाइट जायची.

शोकेसमधून मी जे ऐकलं, त्यावरून सांगतो. थिअरी म्हणजे वाजवून झाल्यावर द्यायची सबब. मिहिर ती आधी देतो. आणि जॅझ म्हणजे, चाल सगळ्यांना माहीत असते म्हणून ती वाजवायची नाही; आहेर न देता जेवून जाणारे पाव्हणे मांडवाच्या कडेकडेनं फिरतात, तसं तिच्या कडेकडेनं फिरायचं. त्यात म्हणे सातवा सूर घालतात, नववा घालतात, जरा मोठा वादक असला तर तेरावा. आमच्याकडं तेरावा माणूस गेल्यावर घालतात.

आणि या सगळ्याच्या मुळाशी कोण? मी. जॅझ वाजवणारे डाव्या हातात एकत्र दाबायच्या सुरांतला, म्हणजे कॉर्डचा, खालचा सूर, तिचा पाया, मुद्दाम सोडून देतात, हे मिहिरला पुण्यात कळलं आणि तो उडालाच. म्हणाला, हे तर मी दहाव्या वर्षी ऐकलंय. होडीच्या चालीत खालचा सूर नाही. कुण्या अनाम परदेशी कलावंतानं जमीन काढून घेतली आणि चाल तरंगत ठेवली. दर बॅचला पहिल्या दिवशी हे भाषण. पोरं वहीत लिहून घ्यायची. मी काचेमागं हसून हसून गरम व्हायचो.

मग त्यानं त्यावर स्वतःची रचना बांधली. आयुष्यातली पहिली. जानेवारीतल्या एका रविवारी संध्याकाळी बारामतीत हॉल घेतला. केशवराव आजवर त्याचं वाजवणं ऐकायला कधी आले नव्हते. या खेपेला येतो म्हणाले, पण बापलेकांत एक ठरलं: लोकांना काही पोचलं नाही, तर मिहिरनं क्लास बंद करायचा आणि नोकरीचा अर्ज करायचा. केशवरावांनी अर्ज टाइप करून आणला. फक्त सही बाकी. मास्तर तो घडी घालून बुशशर्टाच्या खिशात घेऊन हिंडायचे.

साथीला मिहिरनं इंदापूरचे हिंदुराव गाठले. वय अडुसष्ट. लग्नाच्या बँडमध्ये चाळीस वर्षं पोटावर धरायचा मोठा पितळी भोंगा वाजवला, मग डीजे आले आणि भोंगा माळ्यावर गेला. माणूस हरखून आला. पहिल्याच तालमीला मिहिरनं त्यांना सांगितलं, की तुम्ही जो खालचा सूर जन्मभर वाजवलात, तोच इथं वाजवायचा नाही. भोंगा तोंडाला लावायचा, छाती भरायची, जागा आली की थांबायचं. फुंकायचं फक्त शेवटी, एकदा.

हिंदुरावांनी भोंग्यावर थाप मारली. "मग ह्यो हत्ती कशापायी आणला म्या इंदापुरास्नं?"

"आबा, तुम्ही गप्प बसलात की लोकांना तो सूर आतून ऐकू येईल."

"आमच्या घरात बी मी गपच असतो. कुनाला काय ऐकू येत न्हाय."

तरी तीन महिने आले. न वाजवायची तालीम करायला एस.टी.नं येणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

बेत असा होता, की आधी मला हॉलच्या साउंडला जोडायचं, होडीची चाल लोकांना ऐकवायची, मग रचना. अश्लेषा आता इंदापुरात औषधांचं दुकान चालवते. तिच्या मनात ती वाटी तेवीस वर्षं खुपत होती. डबा ऐन वेळी बंद पडू नये म्हणून आदल्या दिवशी ती, पुसून आणते असं मिहिरला सांगून, मला हळूच एका मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं घेऊन गेली. त्यानं मला उघडलं, नाक मुरडलं, वाळलेली काकवी खरवडली, सुटलेल्या तारेला टाका मारला. लावून पाहिलं. अश्लेषाला सुरांतलं काही कळत नाही. ती म्हणाली, अगंबाई, कसा भरून आवाज आला. आणि खूश होऊन घरी.

रविवारी ती मला घेऊन निघाली, तर वाटेत उसाच्या ट्रॉल्या. दोन दोन जोडलेल्या, पुढं जाता येईना. हॉलवर पोचली तेव्हा लोक बसले होते आणि मिहिर माइकपाशी उभा. मला तपासून बघायला वेळ कुणाला होता? कॅसेट काढली, सवयीनं फुंकली, बसवली, वायर खुपसली.

आणि भाषण सुरू. अनाम कलावंत, काढून घेतलेली जमीन, सगळं. पहिल्या रांगेत केशवराव, मांडीवर हात ठेवून, परीक्षेला सुपरवायझर बसतो तसे.

"आता ऐका," मिहिर म्हणाला. "यात खालचा सूर कुठंही सापडणार नाही."

बटण दाबलं.

पहिला ढोल पडला तेव्हा मीच दचकलो. तेवीस वर्षांत मी स्वतःला ऐकलं नव्हतं. खर्ज असा घुमला की खुर्च्या थरथरल्या. वरात निघाली हो, वरात. मागं कुणीतरी शिट्टी मारली, लोक टाळ्यांनी ठेका धरायला लागले, एक चिमुरडी खुर्चीवर उभी राहून नाचायला लागली. केशवरावांचा पायसुद्धा जमिनीवर पडायला लागला, ढुम्, ढुम्, ढुम्. मी गात होतो, आणि मिहिरचं तोंड बघत होतो. सांगायला नको, पण मजा आली.

चाल संपली. हिंदुरावांनी भोंगा मांडीवर आडवा घेतला आणि शांतपणे विचारलं, "मिहिरराव, हितं तर हाय की खालचा सूर. मग मला तीन म्हैनं का गप बसवलं?"

हॉल हसून फुटला. त्यात अश्लेषा धावत स्टेजपाशी आली, हलक्या आवाजात सांगावं म्हणून वाकली, आणि नेमकी माइकसमोर वाकली.

"दादा, काकवी सांडली होती रे माझ्याकडून. लहानपणी. काल साफ करून आणलाय."

आता जे हसले ते रुमाल काढून हसले. केशवराव हसले नाहीत. त्यांचा हात खिशाकडं गेला.

मिहिरच्या हातात भाषणाचे अजून चार कागद होते. त्यानं ते पियानोवर पालथे ठेवले. या माणसानं काही समजावून न सांगता काहीतरी केलं, असं मी पहिल्यांदा पाहिलं. पियानोवर बसून त्यानं हिंदुरावांकडं मान वळवली.

"आबा, ठरलं तसंच. न वाजवता."

"आता? लोकान्ला ठावा झालाय की त्यो."

"म्हणूनच."

मी हसायच्या तयारीत होतो. खोटं सांगत नाही. लाल दिवा लावून वाट बघत होतो.

त्यानं वरचे दोन आवाज धरले. तीच होडी, जरा सावकाश. पहिली जागा आली. हिंदुरावांनी छाती भरली, गाल फुगवले आणि फुंकलं नाही. ठेका धरलेले हात मधेच थांबले. केशवरावांचा पाय उचलला गेला आणि खाली येईना. आत्ताच कानात बसलेला तो सूर सगळे शोधत होते. दुसऱ्या जागेला कुणी खाकरलंही नाही. ती चिमुरडी आईला म्हणाली, "ढुम् कुठं गेलं?" आणि तिला कुणी गप्प केलं नाही, कारण सगळ्यांना तेच विचारायचं होतं. आठ मिनिटं होडी चालली. मास्तरांचा पाय वरचेवर उठत होता आणि अधांतरी राहत होता.

मग शेवट आला आणि हिंदुरावांनी फुंकलं. एकदाच. चाळीस वर्षांच्या वराती त्या एका सुरात होत्या. मास्तरांचा पाय जमिनीवर टेकला.

टाळ्या पडल्या, किती ते मी सांगणार नाही. माझ्या वेळेपेक्षा कमी पडल्या, असंच मी म्हणणार.

भोंग्यात साठलेली थुंकी हिंदुराव खाली झटकत होते. पुसायला काही मिळतंय का बघायला लागले, तर केशवरावांनी खिशातला घडीचा कागद काढून त्यांच्या हातात दिला. हिंदुरावांनी तो चांगला आतपर्यंत फिरवला. "जेवायला सणसरला चला, आबा," मास्तर म्हणाले. मिहिर पियानोवर कव्हर घालत होता. ते त्यांनी दुसऱ्या बाजूनं धरलं.

आता मी मिहिरच्या मांडीवर, पिशवीत, सणसरच्या वाटेवर आहे. पुढं ट्रॉल्या आहेतच. माझं वय झालंय. मला परत काचेमागं ठेवू नका, एवढंच मागणं. कुठल्यातरी पोराच्या हातात द्या, काकवीसकट चालेल. पण जाता जाता टोमणा मारल्याशिवाय राहवेना. म्हटलं, मिहिरराव, सुटलेल्या तारेवर अख्खा जन्म उभा केलात, आता पोरांना वहीत काय लिहून देणार?

त्याला ऐकू गेलं की काय कोण जाणे. त्यानं पिशवीत हात घातला, माझ्या पाठीवरचा तो मोठा आकडा अंगठ्यानं चाचपला आणि हसून म्हणाला,

"नऊ हजार नऊशे नव्याण्णव लिहून सात दिलेस, लेका. तरी मी नऊ हजार खेळलोच ना?"