उजव्या पायाचा गिअर

मी बुलेट. जुनी आहे, पण भंगार नाही. माझा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. आजच्या गाड्यांचं सगळं उलटं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा घात त्यातूनच झाला.

जन्म माझा मद्रासकडचा. उदगीरच्या गुरुपादप्पांनी त्यांच्या लग्नाआधी मला आणलं. मोंढ्यात त्यांची धान्याची आडत. सकाळी विभूती लावली की दुकानात जायच्या आधी ते मला पुसायचे. त्यांच्या बायको गंगम्मा म्हणायच्या, पूजा देवाची कमी अन् हिचीच जास्त. मला ते ऐकून बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

भाऊ असो की जावई, अप्पांनी माझी चावी कुणाला दिली नाही.

दर थंडीत लातूरला जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. येझदी, जावा, राजदूत, सगळ्या माझ्या वयाच्या. तिथं एक रीत आहे. सगळ्यांनी आपापली चावी ताटात टाकायची आणि दुसऱ्याची उचलायची. मेळ्याच्या फेरीला आपली गाडी आपण चालवायची नाही. अप्पांची चावी मात्र खिशातच राहायची. लोक मागून टोमणे मारत. हदगावचे आनंदराज गुरुजी तोंडावर बोलत.

"अप्पा, लेक दिली परक्या घरी, अन् चावी द्यायला जीव जायलाय."

अप्पा हसत. दुसऱ्या कुणाचं त्यांनी ऐकून घेतलं नसतं. दोघांची दोस्ती याच मेळ्यातली, केस काळे होते तेव्हाची.

यंदा अप्पांचा गुडघा गेला. नेमका उजवा. गिअर टाकता येईना. मिस्त्री मलप्पा म्हणाला, गिअर डावीकडं घेऊन देतो. अप्पांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. मेळ्यात मात्र त्यांनी चावी काढली. ताटात टाकली नाही, सरळ गुरुजींच्या हातात ठेवली. "फकस्त तुमाला," एवढंच बोलले.

गुरुजींची स्वतःची राजदूत, तिचा ब्रेक उजव्या पायाला. उजवा गिअर, डावा ब्रेक, असं पाढ्यासारखं घोकत ते माझ्यावर बसले. रस्ता शिरूर अनंतपाळचा. अप्पा मागून जीपमध्ये. गुरुजींनी मला चांगलं चालवलं, नाव ठेवायला जागा नाही. मग उसाची ट्रॉली एकाएकी आडवी वळली. मनाला पाठ होतं, पायाला नव्हतं. उजवा पाय जोरात दाबला गेला. तो ब्रेक नव्हता, गिअर होता. मी थांबायची ती पुढंच गेले.

गुरुजी एकीकडं पडले, मी एकीकडं. जीप थांबली. अप्पा लंगडत धावले आणि माझ्याकडं आले. टाकीवरून हात फिरवला. "पोचा आला," म्हणाले. त्यांच्या मागं गुरुजी मातीत बसले होते. मोडका हात दुसऱ्या हातात धरून बघत होते.

आयुष्यभर अप्पांच्या हातानं मला पुसलं. त्या दिवशी तो मला नकोसा झाला.

अप्पा गुरुजींना बघायला दवाखान्यात गेले नाहीत. कोणत्या तोंडानं जाणार? फोन हातात घेत, परत ठेवून देत. माझ्याकडं तर बघेनातच. गंगम्मांनी एकदाच ऐकवलं की लोखंडाला दुखत नसतं. त्यावर अप्पा ताटावरून उठून गेले.

शेवटी त्यांनी मला टेम्पोत चढवलं आणि हदगाव गाठलं. मला गुरुजींना कायमची देऊन टाकायची, असं त्यांनी ठरवलं होतं. चूक झाली हा शब्द जिभेवर येईना, म्हणून गाडी.

दारात गुरुजींच्या बायको सरजाबाई उभ्या होत्या. त्यांनी टेम्पोत डोकावून पाहिलं.

"गाडी बरी हाय नव्हं, अप्पा?"

अप्पांची मान खाली गेली. गुरुजी बाहेर आले, हात गळ्यात बांधलेला. अप्पांनी चावी पुढं केली. गुरुजींनी घेतली नाही. मग अप्पांनी चावी मुठीत मिटली.

"गुरुजी, हात लई दुखायलाय का?"

"हाव," गुरुजी म्हणाले. "लई." आणि टेम्पोवाल्याकडं वळले. "गाडी वापस घिऊन जा. अप्पा ऱ्हातील."

मी एकटीच उदगीरला आले. टाकीला पोचा तसाच आहे. अप्पा अजून परतले नाहीत. तिकडं दोघांचं काय बोलणं झालं, मला ठाऊक नाही.

तुमच्या दारात माझ्यासारखी कुणी असेल तर तिला पुसा, मिरवा. पण कधी रस्त्यात ती आणि माणूस दोघं पडले, तर तिच्याकडं पाठ करा. ती पडून राहील. तिला राग येणार नाही.