नकाराची हमी

खाण खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर ज्यांना सगळे मावशी म्हणत, त्या भूगर्भतज्ज्ञ बाई खरं तर एकट्या धोरण-लेखनिकाच्या मावशी. पण सख्खा भाचा शेजारच्या टेबलावरून दिवसभर हाका मारतोय म्हटल्यावर त्या शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांच्याच मावशी झाल्या. तरुणपणी त्यांनी गावाबाहेरच्या बोडक्या टेकडीत तांबं शोधलं होतं. बावीस मीटर खाली, उत्तम प्रतीचं. तीस वर्षं झाली, कुणी तिथे एक फावडं मारलं नाही. महिनाअखेर निवृत्ती होती आणि ते तांबं एकदा उन्हात आलेलं बघायचं, एवढी एकच हौस उरली होती.

आडवं येत होतं ते सरकार. खडकाला बिचाऱ्याला काय, तो होता तिथेच आहे. धोरण मात्र चार वर्षांत एकोणीस वेळा बदललं. एकदा नकाशात उत्तर दिशा खाली हवी होती. एकदा अर्जदाराकडे पोहता येत असल्याचा दाखला मागितला. एक गुंतवणूकदार लिफ्ट बंद म्हणून जिन्याने चढला, तर तळमजल्यावर भरलेला अर्ज तिसऱ्यावर पोचेपर्यंत बाद. तो धडधाकट माणूस पायरीवर बसून रडला हो, खोटं कशाला सांगू.

कुठल्या मुलखात खाणीसाठी पैसा घालावा, याची दर आठवड्याला एक यादी निघते. तिच्यात इथला नंबर अगदी शेवटचा. शेरा असा: 'जमिनीत माल भरपूर, पण सरकार उद्या काय म्हणेल याचा नेम नाही.' साहेबांचं तोंड एवढंसं झालं.

"साहेब, त्यांना परवानगी हवी असं कुठे म्हटलंय?" भाचा म्हणाला. "त्यांना नेम हवाय." आणि तासाभरात तो अर्ध्या पानाचं धोरण लिहून घेऊन आला. येणारा प्रत्येक अर्ज त्याच दिवशी नामंजूर होईल. पुढली वीस वर्षं यात काडीचाही बदल नाही.

"अरे मेल्या, आणि माझी टेकडी?" मावशी म्हणाल्या.

"टेकडी कुठे पळून जातेय, मावशी?"

पुढच्या यादीत नंबर थेट तिसरा. मग काय, रीघच लागली. सकाळी अर्ज, संध्याकाळी नकार, एका मिनिटाचा फरक नाही. लोकांनी नामंजुरीची पत्रं चौकटी करून भिंतीवर टांगली. एका कंपनीने तर एकाच खडकासाठी पाच नकार नेले, हाताशी असावेत म्हणून.

निवृत्तीला चार दिवस उरले असताना एका अवाढव्य कंपनीचा मालक नेमका मावशींच्या टेकडीसाठी आला. मावशींना राहवलं नाही. उभ्या नोकरीत काही न मागितलेली बाई साहेबांपुढे जाऊन ढसाढसा रडली. साहेब विरघळले. भाच्यालाही मनातून खात होतंच. त्याने परवानगीचं पत्र टाइप केलं, साहेबांनी सही ठोकली, वर शिक्का मारला.

मालकाने पत्र वाचलं आणि त्याला दरदरून घाम फुटला. "अहो, हे काय? नकार पक्का म्हणून आमच्या शेअरचा भाव दुप्पट झालाय. आता खणायला लागलो तर खाली काय निघेल, कुणी सांगावं?"

"मी सांगते," मावशी म्हणाल्या. "तांबं निघेल. दोनशे ठिकाणी भोकं पाडून पाहिलंय मी."

"ते असेल हो बाई. पण त्याची हमी काय?"

मावशींना इतकं आजवर कुणी दुखावलं नव्हतं.

मालकाने आपल्या नावावर व्हाइटनर लावून घेतला, ताजा नकार खिशात घातला आणि खुशीत निघून गेला. मागे राहिलं ते पत्र. सही आहे, शिक्का आहे, नावाची जागा कोरी. साहेब ते फाडणार तोच भाच्याने त्यांचा हात धरला.

"थांबा. दिलेली परवानगी रद्द करायची तर धोरणात तसं कलम घालावं लागेल. बदल झाला की नंबर गेलाच म्हणून समजा."

साहेब डोक्याला हात लावून बसले. मावशींनी पेन काढलं, कोऱ्या जागेत स्वतःचं नाव लिहिलं आणि पत्र पर्समध्ये ठेवून दिलं.

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी त्या टिकाव, फावडं घेऊन टेकडीवर गेल्या. गुडघे कुरकुरत होते, पण रोज वीतभर तरी खणून होई. या चालीने साडेतीन-चार महिने, असा त्यांचा अंदाज होता.

पाचव्या दिवशी भाचा धापा टाकत आला. खड्डा मावशींच्या कमरेपर्यंत आला होता.

"मावशी, बंद कर बाई हे. इथे कुणीतरी खरोखर खणतंय असा जगभर बोभाटा झालाय. तिसऱ्यावरून चाळिसावे झालो आपण. साहेबांनी कालपासून अन्नाला हात लावलेला नाही."

मावशींनी वर पाहिलं. तोंड मातीने माखलेलं, आणि इतकी खूश मावशी त्याने जन्मात पाहिली नव्हती.

"घमेलं भरलंय," त्या म्हणाल्या. "ते आधी वर घे."

भाच्याने घमेलं घेतलं, बाजूला रिकामं केलं. मग बाह्या वर केल्या आणि खड्ड्यात उतरला.

"अजून किती खाली आहे गं?" त्याने विचारलं.

तीस वर्षांत खात्यातल्या कुणी हे पहिल्यांदाच विचारलं होतं. मावशींनी पदराने तोंड पुसलं.

"एकवीस मीटर," त्या म्हणाल्या.