थोरल्यांचं नाव

ही गोष्ट दोन हजार बारा सालची. त्या वर्षी आमच्या डोंगरातल्या कोचकोर गावाला बर्फ लवकर पडला आणि जायचं नाव घेईना. अनिपा तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती. नवरा एसेन आणि मुलगा तिलेक दोघंही रशियात सुरगुतला बांधकामावर गेलेले. घरात ती आणि सासूबाई काल्बुबू, बस्स. अनिपा घरीच नमदे, म्हणजे लोकर दाबून केलेले जाड गालिचे, करायची. तिचे नमदे घट्ट असत, वर्षानुवर्षं चुरगळत नसत. लग्नाची पोर असलेल्या बाया वर्षभर आधी सांगून ठेवायच्या.

घरात एकच मोबाइल होता, जुना, बटणांचा, आणि त्याचीही एक खोड होती. बैठकीच्या खोलीतल्या उजव्या खिडकीच्या कठड्यावर ठेवला तरच त्याला रेंज यायची. उचलून दोन पावलं चाललं की आवाज गेलाच. तेव्हा गल्लीत बहुतेक घरांची तीच गत. फोन खिडकीत ठेवायचा आणि बोलणारीनं त्याच्यापुढे वाकून उभं राहायचं. कुणाची कुठली गोष्ट घरात लपत नसे.

पहिला फोन आला तेव्हा अनिपाचे हात कोपरापर्यंत साबणाच्या पाण्यात होते. लोकर रगडायचं काम चाललेलं. तिनं हात भराभर पुसले. नंबर अनोळखी होता, पण एसेनचा फोन नेहमी अनोळखी नंबरावरूनच यायचा. त्याच्याकडे स्वतःचा फोन नव्हता. कधी मुकादमाचा, कधी शेजारच्या खाटेवरच्या ताजिक गड्याचा.

पलीकडे एक बाई होती. आधी रशियन बोलली, मग आपल्या भाषेत आली.

"जुमाबाय तुमचे कोण लागतात, ताई?"

"आमच्या घरातले थोरले."

"त्यांनी आमच्याकडून कर्ज घेतलंय. तीन हप्ते थकलेत, त्यांचा फोन बंद लागतो. अर्जात त्यांनी तुमचा नंबर दिलाय. पैसे कोण भरणार?"

"घरातले थोरलेच भरतील की."

अनिपा अगदी खरं बोलली होती. जुमाबाय तिचे थोरले दीर. दोन गल्ल्या सोडून राहायचे. सुनेनं सासऱ्याचं आणि थोरल्या दिरांचं नाव घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. बावीस वर्षांत तिच्या तोंडून ते नाव एकदाही निघालं नव्हतं. त्यांच्या नावात जुमा, म्हणजे शुक्रवार, आला म्हणून ती त्या वाराचंही नाव घेत नसे. 'बाजाराचा आदला दिवस' म्हणायची, कारण कोचकोरचा बाजार शनिवारी. तिचीच चाल धरून घरात सगळेच तसं म्हणायला लागले होते.

पण राजधानीत, बिश्केकच्या त्या कर्जवाल्या कचेरीत बोलणं टेपवर उतरायचं आणि टेपवरून कागदावर. कागदावर आलं ते असं: 'या घरातला कर्ता माणूस कर्ज भरेल, असं घरमालकीणबाईंनी मान्य केलं.' घर म्हणजे हेच घर. त्या दिवसापासून अनिपा जामीन झाली.

मग फोन सुरू झाले. दिवसाला आठ, पुढे बारा, पुढे मोजायचं सोडून दिलं. पीठ मळताना, गाईची धार काढताना, सासूबाईंच्या पाठीला तेल लावताना. त्या बाईचं नाव मेरगुल होतं, ती निदान माणसासारखं बोलायची. तिच्याखेरीज एक रुस्लान नावाचा गडी होता. तो रोज सकाळी चहाच्या वेळेला ठरल्यासारखा यायचा.

"काय कारभारीणबाई, झाली का न्याहारी? घोडा तर खाल्लात. आता शेपूट तरी धाडून द्या इकडं."

घोडा खाल्ला हे खोटं नव्हतं. सासरे वारल्याला वर्ष झालं, त्या जेवणासाठीच थोरल्यांनी ते कर्ज काढलं होतं. दोनशे माणूस जेवलं. घोडा कापला, वर दोन मेंढ्या. मान थोरल्यांनी घेतला, आणि तो त्यांचाच होता.

"मी जामीन नाही, भाऊ. मी कुठे सही केली नाही."

"सही कशाला, तुमचा गोड आवाज आहे ना आमच्याकडे. ऐकवू का? कचेरीत आम्ही जेवताना लावतो."

सासूबाई बाजूला बसून माळ ओढत असायच्या. त्यांचे कान चांगले होते. फोन झाला की म्हणायच्या, "कोण होतं?" अनिपा म्हणायची, "चुकून लागला." महिनाभर तोच प्रश्न आणि तेच उत्तर.

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी थोरले आईला भेटायला येत. मानाच्या जागी, दाराच्या समोर, दुहेरी गादीवर बसत. अनिपा मान खाली घालून चहा ओतायची आणि दोन्ही हातांनी वाटी पुढे करायची. खिडकीत फोन वाजत राहायचा.

"सारखा वाजतो हा तुमचा फोन," थोरले एकदा म्हणाले. "मी माझा बंदच ठेवलाय. डोकं दुखतं त्यानं."

"बरं केलंस," सासूबाई म्हणाल्या. "तब्येतीला जप."

अनिपानं त्यांच्यासमोर पाव मोडून ठेवला आणि पाठ न दाखवता मागं मागं सरत बाहेर गेली. चुलीपाशी उभी राहून तिनं झाकण एवढ्या जोरात आपटलं की मांजर पळालं.

शेजारची शायिर तिची जुनी मैत्रीण. ती म्हणाली, "अगं, कार्ड फेकून दे चुलीत. नवीन घे, पोस्टापाशी मिळतं."

"आणि ह्यांना नवा नंबर कळवू कसा? ह्यांचा फोन यायचा तो ह्याच नंबरावर."

"मग आला की सांग."

अनिपानं तेच ठरवलं. पण झालं भलतंच. जानेवारीत एका संध्याकाळी फोन वाजला, नंबर अनोळखी. त्या दिवशी रुस्लानचे सात फोन होऊन गेले होते. ती वैतागली होती. तिनं न ऐकताच लाल बटण दाबलं. पुन्हा वाजला, पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा वाजला नाही.

चार दिवसांनी एसेनचा फोन आला.

"अगं, दोनदा लावला. तू कापलास. तिलेक परांचीवरून पडला. मांडीचं हाड मोडलंय, दवाखान्यात आहे."

अनिपा खिडकीत तशीच वाकून राहिली. तिला विचारायचं होतं की कुठली मांडी, जेवतो का, रात्री झोप लागते का. तिच्या तोंडून निघालं, "मी कापला."

"ते जाऊ दे. नीट ऐक. दवाखान्यात तुझा हाच नंबर दिलाय. पोराचं काही झालं तर ते तुलाच फोन करणार, मी कामावर असतो. मुकादमाकडेही हाच. बदलू नकोस, बंद ठेवू नकोस."

झालं. त्या दिवसापासून अनिपाला प्रत्येक फोन उचलावा लागला. लोकर रगडायला ती पडवीत बसायची, ते काम तिनं बैठकीत आणलं, सगळी जमीन ओली झाली. विहिरीवर जायची ती पळत यायची. आणि दर वेळी कानाला यायचा तो रुस्लान. "काय वहिनी, पहिल्याच रिंगला उचललात आज. लळा लागला वाटतं आमचा." त्याच्याशी भांडत बसावं, तर तेवढ्यात दवाखान्याचा फोन येऊन परत गेला तर? म्हणून ती ऐकून घ्यायची, आणि जमेल तेवढ्या लवकर संपवायची.

फेब्रुवारीत एका दुपारी मेरगुलचा फोन आला. तिचा आवाज हळू होता.

"ताई, मी तुमची फाईल नीट वाचली. तुमची कुठंच सही नाही. तुमचा नंबर काढता येतो. टेपवर एकच वाक्य म्हणायचं, तुमच्या आवाजात. 'मी अनिपा, जुमाबाय यांच्या कर्जाला जामीन नाही.' पूर्ण नावानं. मग आमचा कायदा आम्हालाच लागू होतो, तुम्हाला फोन करता येत नाही."

अनिपाचा श्वास मोकळा झाला. "मी अनिपा, आमच्या थोरल्यांच्या..."

"थोरले नाही. नाव."

"ते ज्यांचं नाव बाजाराच्या आदल्या दिवसाचं आहे, त्यांच्या..."

पलीकडे थोडं हसू आलं. "ताई, मशीन कोडी सोडवत नाही. 'थोरले' म्हणालात म्हणूनच तुम्ही अडकलात."

"मला नाही येत म्हणता, मुली."

"मला कळतं. मीही सून आहे. इथे दिवसाला चाळीस नावं घेते. एकाचं नाव माझ्या सासऱ्यांचंच निघालं. ती फाईल मी शेजारच्या टेबलावर सरकवते. तुम्हाला सरकवायला दुसरं टेबल नाही." मग म्हणाली, "तीन दिवसांनी मी पुन्हा करेन. त्यानंतर तुमची फाईल कायमची रुस्लानकडे जाते. तो गल्लीतल्या प्रत्येक घरी फोन लावतो, मशिदीतसुद्धा. तुमच्या मुलाचा नंबर मिळाला तर त्यालाही."

पुढचे दोन दिवस अनिपा पाटाच्या काठी जाऊन उभी राहिली. पाट गोठलेला, आसपास कुणी नाही. तिनं तोंड उघडलं. 'जु' पर्यंत यायचं आणि पुढं ओठ मिटायचे. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात तिच्याकडून नुसतं 'जुमा' निघालं होतं, वार म्हणून, तेव्हा जावा किती हसल्या होत्या, आणि सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. ते न पाहणंच तिला लागलं होतं. बावीस वर्षं तिनं या घरात जे मिळवलं ते न बोलूनच मिळवलं होतं. गल्लीत म्हणायचे, काल्बुबूची सून जिभेची शहाणी. आता ती शहाणी जीभ वाक्याआड येत होती.

थोरल्यांनाच सांगावं, फोन चालू करा, म्हणून तिनं शायिरकरवी निरोप धाडला. उत्तर आलं, "बायकांनी पैशाच्या भानगडीत पडू नये."

तिसरा दिवस नेमका बाजाराचा आदला. थोरले आले, मानाच्या जागी बसले. सासूबाई त्यांच्या उजव्या हाताला. अनिपा चहा ओतत होती आणि खिडकीत फोन वाजला. ती उठली.

"ताई, मेरगुल बोलतेय. टेप चालू आहे. म्हणा."

"घरात माणसं आहेत. थोड्या वेळानं करशील?"

"माझी पाळी अर्ध्या तासात संपते."

खिडकीतून दूर गेलं तर आवाज जाणार. थोरल्यांना उठा म्हणणं तिच्या बापजन्मात शक्य नव्हतं. अनिपानं कठडा धरला. मागं वाटी ठेवल्याचा आवाज झाला. थोरले आईला म्हणत होते, "मेंढीला भाव नाही या खेपेला."

"मी अनिपा," ती म्हणाली. टेपवर नीट उतरावं म्हणून तिनं फोनवर आणखी वाकून पुन्हा सुरुवात केली. "मी अनिपा. जुमाबाय यांच्या कर्जाला मी जामीन नाही. माझी सही नाही. जुमाबाय यांच्या कर्जाचे फोन मला करू नका."

एकदाच म्हणायचं होतं. दोनदा निघालं.

"झालं, ताई," मेरगुल म्हणाली आणि फोन ठेवला.

मागं मेंढीचा भाव थांबला होता. अनिपा वळली. थोरल्यांचा चेहरा लाल नव्हता, राखाडी झाला होता. ते आईकडे पाहत होते, जणू तिनं काहीतरी करावं.

"कर्ज?" सासूबाई म्हणाल्या. "घोडा कर्जाचा होता?"

"आई, ते..."

"तू म्हणालास वासरं विकली."

थोरल्यांनी टोपी घेतली. दारापर्यंत गेले आणि वळून, अनिपाकडे नाही, चौकटीकडे बघत म्हणाले, "या घरात आता सून राहिली नाही." मग गेले.

सासूबाईंनी वाटी उचलली, पाहिली, खाली ठेवली. मग म्हणाल्या, "महिनाभर चुकून लागत होता ना फोन."

"हो."

"मलाच का नाही म्हणालीस नाव घ्यायला? माझं पोर आहे. मी हजारदा घेतलं असतं."

"आवाज माझाच लागत होता, आई."

सासूबाई माळ घेऊन आतल्या खोलीत गेल्या. रात्री जेवल्याही नाहीत.

अनिपाच्या फोनवर त्यानंतर आणखी पाच दिवस मशीनचे फोन आले, मग बंद झाले. ते थोरल्यांच्या मेहुण्याकडे वळले, तिथून थोरल्यांच्या थोरल्या लेकीच्या सासरी. तेव्हा मात्र थोरल्यांनी मोटार विकली आणि कर्ज फेडलं. मोटार गेल्यावर ते दुसऱ्याच्या टॅक्सीवर नारीन शहराच्या फेऱ्या करू लागले. अनिपा रस्त्यात दिसली तर ते गाडी हळू करत नसत. सहा वर्षांनी छातीत कळ येऊन गेले.

सासूबाई त्याच वसंतात उठून थोरल्यांकडे राहायला गेल्या. भांडण नव्हतं, म्हणाल्या, तो एकटा पडलाय. तीन हिवाळे तिथं काढले आणि तिथंच गेल्या. आजारपणात अनिपा रोज जायची, थोरले घरात नसतील ती वेळ बघून.

तिलेकचा पाय थोडा आखूड राहिला. तो परत आला, पोस्टासमोर मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं, शायिरच्या भाचीशी लग्न केलं. एसेन आणखी दोन वर्षं राहून आला. त्यानं अनिपाला त्या दिवसाबद्दल काही विचारलं नाही. भावाकडे मात्र तो एकटाच जायचा.

मेरगुलनं ती नोकरी सोडली असं ऐकलं. रुस्लान दुसऱ्या कचेरीत साहेब झाला म्हणतात.

अनिपा अजून नमदे करते. तिच्या सुनेनं घरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात विचारलं, "आई, मी कुणाकुणाचं नाव घ्यायचं नाही?" अनिपा लोकर रगडत होती. तिनं ती उलटून पुन्हा गुंडाळली. मग म्हणाली, "आधी पाणी गरम करून आण."