उसना कोट

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं शाळेत सगळे म्हणतात. असतोच. इतिहासाच्या तासाला फोटो हातात घेतल्या घेतल्या एखादं पोर म्हणालं, "बाई, हा किती शूर दिसतो ना," की माझ्या डोक्यात तिडीक जाते. शूर दिसतो म्हणजे काय? चेहऱ्यात आपल्याला हवं ते दिसतं. म्हणून आठवीच्या वर्गाला माझा एक नियम आहे: चेहरा शेवटी. आधी फोटोच्या चारही कडा बघायच्या, मग हात, मग कपडे, मग पायातलं. ते सगळं वहीत उतरवून झालं की मगच चेहऱ्याकडे वळायचं. पत्रालाही तेच लागू. आधी कागद, शाई, घड्या. मजकूर नंतर.

पंचवीस वर्षं मी हा नियम मुलांच्या गळी उतरवला. स्वतः मात्र एकदा मोडला, आणि त्याचा पत्ता मला बारा वर्षांनी लागला.

आमच्या शाळेत जिन्याजवळच्या भिंतीवर नऊ फोटो आहेत. युद्धावर गेलेली आणि परत न आलेली गावातली नऊ माणसं. बारा वर्षांपूर्वी इथला जुना फोटो स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालकाच्या नातवाने दोन खोकी शाळेत आणून टाकली. एकात काचेच्या निगेटिव्ह, दुसऱ्यात छापलेले फोटो आणि आजोबांची टिपणवही. फोटोंवर नावं नव्हती. वहीतही नव्हती, नुसते काचांचे आकडे, तारखा आणि गिचमिड अक्षरातले शेरे. ती मी मिटून ठेवली. घरोघर फिरून पत्रं मागितली, पत्रांतल्या खुणा फोटोंशी जुळवल्या आणि नऊ जणांना नावं दिली. आठ जणांना त्यांच्या घरच्यांनीही ओळखलं. माझं फार कौतुक झालं आणि मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू.

नववा फोटो शिवणवाल्या आजींच्या वडिलांचा. आजींचं दुकान शाळेच्या फाटकासमोरच आहे. गावातल्या तीन पिढ्यांचे गणवेश त्यांनी शिवले. वय अठ्ठ्याहत्तर, पण अजून सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवतात. वडील युद्धावर निघाले तेव्हा त्या चाळीस दिवसांच्या होत्या. आई पुढच्याच वर्षी तापाने गेली आणि आजी मामाच्या घरी वाढल्या. आईच्या पेटीतून त्यांच्या वाट्याला वडिलांचं एक पत्र तेवढं आलं. फोटो नव्हता. वडिलांचा चेहरा त्यांना मिळाला तो सहासष्टाव्या वर्षी, माझ्या हातून.

त्या दिवसापासून दर सोमवारी शाळा भरायच्या आधी त्या यायच्या, गळ्यातली टेप खांद्यावर मागे टाकायच्या आणि मऊ फडक्याने त्या फोटोची काच पुसायच्या. काहीतरी पुटपुटायच्या. काय, ते मी कधी विचारलं नाही.

यंदा मुलांना जोड्या करून एकेक पत्र आणि एकेक फोटो दिला. वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे वकीलीण म्हणतात. शब्दाला शब्द देण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. आजींच्या वडिलांचं पत्र तिच्या वाट्याला आलं. दोन दिवस ती गप्प होती. मला वाटलं, आजारी असेल. तिसऱ्या दिवशी तास संपल्यावर ती टेबलाशी आली, चार फोटो ओळीने मांडले आणि हातात भिंग दिलं.

"बाई, या चौघांचे फोटो एकाच वेळी कसे काय काढले?"

"एकाच वेळी कशाला काढतील?"

"सगळ्यांच्या घड्याळात चारला वीस मिनिटं कमी आहेत."

मी भिंगातून पाहिलं. चार मनगटं, चार घड्याळं, काटे अगदी तिथल्या तिथे. चारही घड्याळांच्या पट्ट्याला तोच चरा.

"आणि कोट बघा," ती म्हणाली. "वरून तिसरं बटण वेगळं आहे. चौघांचंही."

बंद पडलेलं घड्याळ आणि एकच बरा कोट स्टुडिओत खुंटीला असणार. येईल त्याच्या अंगावर चढवायचा, फोटो काढायचा, परत खुंटीला. आजींच्या वडिलांनी पत्रात लिहिलं होतं, 'स्टुडिओवाल्याने पाठवलेला फोटो पोचला. घड्याळ अगदी स्पष्ट आलंय. फोटो मी माझ्याजवळच ठेवतो. आल्यावर पुन्हा काढू.' एवढ्या घड्याळावरून मी माणूस ठरवला होता. ज्या फोटोत घड्याळ सगळ्यात ठळक, तो उचलला. आणि चेहरा बघितला. भुवया आजींसारख्या वाटल्या. झालं.

"अजून एक आहे," वकीलीण म्हणाली. तिने पत्रावर बोट ठेवलं. "फोटो चांगला आला असेल तर पुन्हा का काढायचा?"

बारा वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. तेरा वर्षांच्या पोरीला दोन दिवसांत पडला.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी आणि स्टुडिओवाल्याचा नातू, असे तिघं खोकी ठेवलेल्या कपाटापुढे फतकल मारून बसलो. आजोबांचं अक्षर फक्त नातवाला लागायचं. त्याने बोट फिरवत वाचलं. पत्रात निघण्याची जी तारीख होती, तिच्या आदल्या दिवशीची एकच नोंद होती. 'काच एकेचाळीस. कोट, घड्याळ. हलला. तान्हं मूल रडलं. दुसरी काच शिल्लक नाही.'

नऊ जणांत तान्हं मूल एकाच्याच घरी होतं.

एकेचाळीस नंबरची काच खोक्याच्या तळाशी, बिघडलेल्या काचांच्या पुडक्यात निघाली. मी ते पुडकं कधी सोडलंच नव्हतं. बिघडलेल्यांत काय बघायचं, असं मला वाटलं होतं. नातवाने ती उजेडासमोर धरली आणि दुसऱ्या दिवशी तिचा फोटो छापून आणला.

खुर्चीत बसलेला माणूस. गुडघ्यावरचा हात आणि घड्याळ लख्ख. कोट खांद्यांवर उतरलेला. आणि मानेच्या वर नुसता धुरकट पट्टा. त्या काळी उजेडाची बोंब होती, काच दोन-तीन सेकंद उघडी ठेवावी लागायची. तेवढ्यात त्याने मान फिरवली होती. ना डोळे कळत होते, ना नाक, ना भुवया.

म्हणजे मी आजींकडून एक चेहरा काढून घेणार, आणि बदल्यात काय देणार, तर धूर. रडू आलं ते नातवासमोर आलं याची लाजही वाटली नाही.

हेडसरांना सांगितलं. ते भले गृहस्थ आहेत, पण शांततेसाठी काहीही गिळतील. त्यांनी दार लोटलं आणि म्हणाले, "बाई, आता कशाला? आजींचं वय बघा. सोमवारी येतात, काच पुसतात, समाधानाने जातात. कोणाचं काय बिघडलंय?"

"चूक माझी आहे, सर."

"मग तुमच्यापाशीच राहू द्या की."

मी त्यांच्यावर भडकले नाही, कारण रात्रभर मीही स्वतःला हेच समजावत होते. मूग गिळून बसायचं, आजी असेपर्यंत. मग कधीतरी पाटी बदलायची. त्यात आजींवरची माया किती आणि माझ्या नावाची काळजी किती, हे मला नीट सांगता आलं नसतं.

वर्गात आले तर वकीलीण वही उघडून बसलेली.

"बाई, निष्कर्ष लिहायचा राहिलाय. काय लिहू?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. त्यांना ठाऊक होतं. वकिलिणीच्या पोटात काही राहत नाही. मी म्हटलं, "जे सापडलं ते लिही." आणि मग, कारण नुसतं तेवढं म्हणून सुटका होत नव्हती, "शाळा सुटल्यावर माझ्याबरोबर चल."

दुकानात आजी एकट्याच होत्या. टेबलावर निळं कापड पसरलेलं, त्यावर खडूच्या रेघा. आम्हाला बघून त्यांनी कात्री बाजूला ठेवली.

"या बाई. या वकीलसाहेब. आज काय, मापं द्यायची की साक्ष?"

वकीलीण हसली नाही. मीही नाही. आजींनी आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि स्टूल पुढे केलं. मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, कोट, घड्याळ, चारला वीस मिनिटं कमी. सारवासारव केली नाही. शेवटी म्हणाले, "आजी, भिंतीवरचा माणूस तुमचे वडील नाहीत. माझ्याकडून चूक झाली. बारा वर्षं मी तुम्हाला दुसऱ्याच कोणाला तरी बाबा म्हणायला लावलं."

आजींनी हाताने टेबलावरचा खडू पुसला. मग म्हणाल्या, "कोट उसना आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

मी तेव्हा कुठे स्टुलावर बसले.

"साठ वर्षं शिवतेय मी. त्या कोटाचे खांदे त्या माणसाचे नव्हतेच. बाही बोटभर तोकडी, पाठीत कापड टाचणीने धरलेलं, ते पुढच्या चुण्यांवरून कळतं. मला वाटलं, आपल्या बाबांना स्वतःचा कोटसुद्धा नव्हता, मागून आणलेला घालून बसले फोटोला. ते मी चारचौघांत कशाला सांगू? त्यांचीच लाज गेली असती." त्यांनी टेप गळ्यातून काढून गुंडाळायला घेतली. "तेव्हाच बोलले असते तर तुम्हीही शोधलं असतंत. म्हणजे अर्धी चूक माझी धरा."

"तसं नाही आजी."

"मग तो कोण?"

"माहीत नाही. कदाचित परतही आला असेल."

"आला असेल तर बरंच आहे." मग एकदम त्यांचा आवाज चिरकला. "बारा वर्षं मी त्याला सगळं सांगितलं हो. हे गेले ते सांगितलं. दुकान मोठं केलं ते सांगितलं. त्याला काय त्याचं?"

आजींनी पदराने नाही, त्या निळ्या कापडाच्या तुकड्यानेच डोळे पुसले.

"मामी म्हणायची," त्या म्हणाल्या, "तुझ्या बापाने तुझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आपलं बोचकं उचललं आणि निघाला. मला वाटायचं, निदान मी तरी त्यांना बघितलं. उशिरा का होईना. आता तेही नाही."

वकिलिणीने माझा हात ओढला. "बाई, दाखवा ना."

मी फोटो काढला. "आजी, हे तुमचे वडील. नक्की हेच. पण यात चेहरा आलेला नाही. हलले ते."

आजींनी फोटो घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. बोट त्या धुरकट जागेवरून फिरलं, पुन्हा फिरलं. मी मान खाली घातली. मग वकीलीण त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि वर्गात सांगतात तसं सांगायला लागली.

"आजी, चेहरा शेवटी बघायचा. आधी कडा. ही उजवी कडा बघा. इथे कोणाचं तरी कोपर आहे, अर्धवट. आणि त्या कोपराखाली हे कापड आहे ना, गुंडाळलेलं? त्यातून ही एवढीशी मूठ बाहेर आली आहे."

आजींनी फोटो खिडकीपाशी नेला.

"वहीत लिहिलंय," वकीलीण म्हणाली. "हलला. तान्हं मूल रडलं. फोटोवाल्याने हलू नका सांगितलं असणार. सगळ्यांनाच सांगायचे. बाकीचे कोणी हलले नाहीत. हे हलले, कारण तुम्ही रडलात. इकडे वळून बघितलं त्यांनी."

आजींनी बोट त्या मुठीवर टेकवलं आणि विचारलं, "माझ्याकडे?"

"चाळीस दिवसांच्या तुमच्याकडे," मी म्हणाले. "म्हणून तर फोटो बिघडला."

त्यांनी मान हलवली. एकदा, दोनदा, कितीतरी वेळा. मग भिंतीवरच्या माणसाबद्दल म्हणाल्या, "त्याला काढू नका हं बाई. पाटी बदला, नाव माहीत नाही असं लिहा. पण राहू द्या. सोमवारी मी येतेच आहे, काच पुसायला मला काय जड आहे?"

"आणि हा?"

"हा आज माझ्याकडे राहू दे."

त्यांनी टेबलावरचं निळं कापड बाजूला सारलं आणि फोटो यंत्राला टेकवून उभा केला. समोर स्टूल ओढून बसल्या. पुन्हा उठल्या. फोटोकडे पाहिलं, मग त्यातली मान जिकडे वळली होती तिकडे, उजव्या बाजूला, स्टूल हातभर सरकवलं आणि तिथे बसल्या. पदर नीट केला, केसांवरून हात फिरवला.

"आता बघू दे," म्हणाल्या.